हिंग नाही, मिरची नाही

"आज कुणाचं तिवसम, मामी?" भाजीवाल्या चिन्नपोन्नूनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फणीतलं एक जास्तीचं कच्चं केळं मोडून पिशवीत टाकलं. वर्षश्राद्धाच्या भाजीवर ती नेहमी काहीतरी फुकट घालते. गेलेल्या माणसाच्या तोंडचं अगदी काट्यावर मोजून देऊ नये असा तिचा नेम आहे, आणि तिरुवानैकावलच्या देवळाच्या कोपऱ्यावर बसून तिनं आजवर एवढ्या घरांची तिवसमं पाहिली आहेत की पिशवीत काय पडतंय यावरून घरात काय आहे ते तिला कळतं. अखिलांडमनं पिशवीत वाकून पाहिलं. कच्ची केळी, कारली, गवार, पडवळ, अळकुड्या, आलं, आणि वरती कांडवेलीची एक जुडी. घेताना एकेक वस्तू घेतली होती. आता ती सगळी एकमेकींना टेकून बसली होती आणि दुसरं काही असूच शकत नव्हतं. "तिवसम नाही गं," ती म्हणाली, "पाहुणे आहेत रात्री जेवायला. परदेशातले. जंबू घेऊन आलाय." चिन्नपोन्नूनं पानाची पिंक बाजूला टाकली. "गोऱ्यांना कारलं घालताय? काय वैर आहे का?" मग मान हलवून म्हणाली, "केळं राहू दे तरी. घातलेलं काढून घेत नाही मी."

घरी येईपर्यंत अखिलाला त्या केळ्याचं ओझं वाटत होतं. हे असं झालं कसं? तिनं काही तिवसाचा बेत केला नव्हता. बेत तिनं केलाच नव्हता, तो फोनवरून तुकड्या-तुकड्यानं आला होता. महिनाभरापूर्वी मुलानं, जंबुनाथननं कळवलं, नाताळच्या सुट्टीत येतोय, बरोबर इंगा आणि बेंट आहेत. डेन्मार्कमध्ये ज्या म्हाताऱ्या जोडप्याच्या माडीवर तो सहा वर्षं भाड्यानं राहतो, ती दोघं. एक दिवस त्यांना तुझ्या हातचं जेवायचंय. तिला आनंदच झाला होता. तिनं वांग्याचं सांबार, बटाट्याची भाजी, टोमॅटोचं रसम असं मनाशी धरलंही होतं. मग पुढच्या फोनवर, "अम्मा, इंगाला टोमॅटो चालत नाही. सांधे धरतात." चार दिवसांनी, "बटाटाही नको. वांगंही नको. त्याच जातीतली म्हणे ती." मग मिरची, लाल नको आणि हिरवीही नको, मिरी चालेल. मग बेंटचं पोट. त्याला गहू बाधतो आणि बाजारच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो, तेव्हा हिंग नको. तूरडाळ जड पडते, मुगाची घाल. कोबी, गाजर, फरसबी ते तिकडे रोजच खातात, आपल्याकडचं काहीतरी कर. आणि शेवटी, विमानात बसायच्या आदल्या दिवशी, "गोड म्हणून काळ्या तिळाचे लाडू कर ना, इंगाला फार आवडतात." एवढं सगळं ऐकूनही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. उलट तिनं स्वतःच्या अकलेनं कांडवेलीची चटणी वाढवली होती, कारण कांडवेल सांध्यांना चांगली. एका भाजीवालीला जे पिशवी उघडताच दिसलं, ते हिला महिनाभर दिसलं नाही.

म्हणजे तसा संशय तिला आला होता, पण भलताच. आपल्या गुडघ्याची चौकशी ज्यानं कधी केली नाही, त्याला परक्या बाईच्या सांध्यांचा इतका कळवळा का? इंगाच्या घराचा एक फोटो जंबूनं मागे पाठवला होता, त्यात मागच्या भिंतीवर एका सोनेरी केसांच्या मुलीचं चित्र होतं. मुलगीच असणार त्यांची. लग्न आधीच झालं असेल आणि आता व्याही जेवायला येत असतील. अखिलानं त्यासाठी मनाची तयारीसुद्धा करून ठेवली होती, दोन दिवस न बोलण्याची आणि तिसऱ्या दिवशी बोलण्याची. आता गवारीच्या शिरा काढता काढता तो संशय तिला अगदीच पोरकट वाटू लागला. मुलगी काय, आज ना उद्या कुणाची तरी येणारच होती. या पिशवीतून जे वर येत होतं ते वेगळं होतं, आणि ते वर येऊ नये म्हणून ती गेली काही वर्षं दरवर्षी मासी महिन्यात धडपडत होती.

मासी महिन्यात जंबूच्या अप्पांची, वैद्यनाथनची तिथी येते. पहिल्या वर्षीचं सगळं जंबूनं इथं राहून केलं. त्यानंतर तिकडूनच. तिथीच्या दुसऱ्या दिवशी तो फोन करतो, "झालं, अम्मा." ती विचारते, काय काय केलं होतंस? तो म्हणतो, "नेहमीचंच." हे 'नेहमीचंच' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. वैद्यनाथन लपून सुपारी-तंबाखू खाऊन यायचा आणि कुठे गेला होतात विचारलं की हेच म्हणायचा. बापाचा आवाज पोराच्या गळ्यातून आला की हाही काहीतरी लपवतोय हे तिला कळायचं. त्या थंड गावात कुठला भटजी आणि कुठले जेवायला बसणारे ब्राह्मण? पोरगं त्या दिवशी ऑफिसला जात असेल, दुपारी पाव खात असेल, आणि संध्याकाळी आठवण झाली की फोन उचलत असेल. विचारायची तिची छाती झाली नव्हती. नाही म्हणाला असता तर ती काय करणार होती? बाईनं करायचं नसतं. करणारा तोच एकटा. त्यानं केलं नसेल तर तो माणूस, ज्याला आयुष्यभर जेवायला पाच मिनिटं उशीर झालेला खपला नाही, तो वर्षानुवर्षं पान मांडायची वाट बघत कुठेतरी बसला असणार. गच्चीच्या कठड्यावर ती रोज कावळ्याला भात ठेवते. येणारा कावळा तिला नेहमी भुकेला वाटतो. सगळेच कावळे भुकेले असतात हे तिला कळत होतं, तरीही.

आणि आज हा बेत. टोमॅटो, बटाटा, मिरची, कोबी ही सगळी मागाहून आलेली मंडळी, पितरांनी ती कधी पाहिली नाहीत म्हणून त्यांच्या पानात चालत नाहीत. जंबूला हे ठाऊक आहे. पहिल्या वर्षी तो तिच्याच शेजारी बसून केळी सोलत होता. मग त्यानं हे मुद्दाम केलं? एकदा तिला वाटलं, चुकवलेल्या सगळ्या वर्षांची भरपाई त्याला एका रात्रीत, पाहुण्यांच्या नावाखाली, आईच्या हातून करून घ्यायचीय. फसवून. बापाचं पान गोऱ्यांपुढे मांडायचं आणि मोकळं व्हायचं. तिला इतका राग आला की तिनं कारल्याच्या चकत्या जाड कापल्या. मग वाटलं, नाही, त्या बाईचे सांधे खरंच दुखत असतील. तिवसम कधी संध्याकाळी नसतं, दुपारी असतं. मार्गळी महिना चालू आहे, मासीतल्या तिथीला अजून अवकाश आहे. हे साधं जेवण आहे. साधंच जेवण आहे हे पक्कं करावं म्हणून तिनं मिरी घातलेलं मूगडाळ-भाजीचं कूटू ढवळलं आणि चव बघायला पळी तोंडाकडे नेली. पळी ओठापाशी थांबली. तिवसाच्या स्वयंपाकाची चव घेत नाहीत, वासही घेत नाहीत. तीस वर्षं सासऱ्यांच्या आणि मग सासूच्या तिथीला तिनं न चाखता रांधलं होतं. हाताला जे कळत होतं ते डोकं कबूल करायला तयार नव्हतं. पळी तिनं पुन्हा भांड्यात टाकली. हिंगाचा डबा उघडला, बंद केला.

कारली तुपात पडली आणि तिला मळमळलं. कारलं तिला कधीच आवडलं नाही. हे या घरात कुणालाही माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. वैद्यनाथनला कारलं फार प्रिय. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो तिच्या ताटात आपल्या हातानं कारल्याची भाजी वाढून म्हणाला होता, "खाऊन बघ, अशी कुठे मिळणार नाही." ती खाऊन बसली. पुढे खातच राहिली. गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या आवडीचं करायचं असतं, म्हणून पहिल्या वर्षी तिनं टोपलीभर कारलं केलं, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं तिच्याच वाट्याला आलं. त्या दुपारी एकटीनं बसून ते खाताना तिला रडू आलं होतं. बायकांनी जवळ येऊन पाठीवरून हात फिरवले. त्यांना वाटलं, नवऱ्यासाठी. होतंही नवऱ्यासाठी, पण थोडं कारल्यासाठीही होतं.

पाच वाजता तिनं दारापुढची रांगोळी पुन्हा काढली. सकाळची होतीच, मार्गळीत कुणाच्या दारापुढे नसते? पण आणखी मोठी काढली, मध्ये भोपळ्याचं फूल ठेवलं. तिवसाच्या दिवशी दारात रांगोळी घालत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यानं आणि वर बसून बघणाऱ्यानंही नीट बघून घ्यावं की आज तसलं काही नाही. कंबर धरून ती उठली तेव्हा रिक्षा दाराशी थांबत होती.

पाहुणे तिच्या कल्पनेपेक्षा म्हातारे निघाले. बेंट उंच आणि वाकलेला, कानात ऐकायचं यंत्र. इंगा आखूड केसांची, चालताना पाय जरा ओढणारी. म्हणजे सांधे खरे. अखिलाला हायसं वाटलं आणि लगेच तिनं पाहिलं, इंगा रांगोळीपाशी थबकली आहे. रांगोळीकडे बोट करून ती जंबूला हलक्या आवाजात काहीतरी विचारत होती, आणि तो घाईघाईनं काहीतरी सांगत होता. त्यात कौतुक नव्हतं. एखादी वस्तू नको तिथे दिसावी तसा तिचा चेहरा होता. "काय म्हणते?" अखिलानं विचारलं.

"काही नाही, अम्मा. छान आहे म्हणते."

अखिलाला इंग्रजी कळतं, फक्त बोलायला जीभ वळत नाही. आणि ती बाई 'छान' म्हणाली नव्हती. वर आल्यावर पाणी देताना अखिलानं हसून, हातवारे करून, दिवसभर काय काय पाहिलंत असं विचारलं. बेंटनं डोंगरावरचं देऊळ दाखवायला हात उंच केला. इंगा आपल्या पोटावर हात ठेवून उत्साहानं म्हणाली, "मसाला डोसा. दोन."

अखिला तशीच उभी राहिली. मसाला डोसा म्हणजे बटाटा आणि हिरवी मिरची. बरोबर सांबार, त्यात तूरडाळ, टोमॅटो, लाल मिरची आणि हिंग. महिनाभर फोनवरून आलेलं एकेक पथ्य त्या दोन डोशांत कोसळून पडलं होतं. तिनं जंबूकडे बघितलं. जंबू केळीची पानं पुसत होता, एकच पान पुन्हा पुन्हा पुसत होता.

"टेबलावर मांडते," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

"खाली बसतील, अम्मा. त्यांना सवय आहे."

"सवय?"

त्यानं पानं जमिनीवर मांडली. बेंटनं भिंतीला हात लावत, गुडघे कटकट वाजवत मांडी घातली, आणि कुणी न सांगता उत्तरेकडे तोंड करून बसला. इंगा पूर्वेकडे. पितरांच्या जागी बसणारा ब्राह्मण उत्तरेकडे तोंड करतो. खोलीला चार दिशा आहेत, माणूस कुठेतरी तोंड करणारच, असं म्हणत अखिला वाढू लागली. मीठ जरा सांडलं. वैद्यनाथनचा फोटो त्यांच्या डोक्यावर भिंतीला होता आणि तिला त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

ती दोघं जेवली. पण कशी? एक शब्द नाही. तिनं ऐकलं होतं की ही माणसं प्रत्येक घासाला वा वा करतात, कसं केलं ते विचारतात, फोटो काढतात. बेंट खाली मान घालून, चारही बोटांनी भात कालवून, सावकाश खात होता. इंगानं कांडवेलीची चटणी भाताला लावली, तिला पुन्हा हवी होती ते तिनं फक्त हात पुढे करून दाखवलं. आवडलं की नाही, मीठ बरोबर आहे की नाही, काही नाही. जंबूही गप्प. ताकाच्या आमटीच्या वेळी अखिलाचा धीर सुटला आणि ती म्हणाली, "आवडत नाही का यांना? तोंडात काय कोंबलंय?" जंबू न बघता म्हणाला, "जेवू दे ना, अम्मा." सबंध दिवस तिच्यात साठत आलेला राग आता गळ्याशी आला. कुणाच्या घरात येऊन, कुणाचा बेत फसवून करून घेऊन, वरती ही मिजास. तिळाचा लाडू वाढताना तिनं मुद्दाम तो बेंटच्या पानावर जरा आदळलाच. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला. तेव्हा तिच्या डोक्यात आलेला विचार इतका अचानक आला की तो आला तोवर शब्द बाहेर पडलेही होते. तिवसाच्या शेवटी यजमान जेवणाऱ्यांना जे विचारतो तेच, त्याच स्वरात, बाईनं विचारू नये ते, तिनं बेंटपुढे उभं राहून विचारलं, "तृप्ती?"

बेंटनं मान वर केली. यंत्र लावलेला कान जरा तिच्याकडे वळवला, डोळे मिटले, आणि प्रत्येक अक्षर जपून ठेवत म्हणाला, "तृप्तोस्मि."

इंगाही म्हणाली. तिचं 'तृ' बेंटच्यापेक्षा बरं होतं.

अखिला स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मागोमाग जंबू आला. नळ गळत होता, तो त्यानं घट्ट केला.

"किती वर्षं?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या वर्षापासून. मंत्र भटजी कॉम्प्युटरवर सांगतात. पण जेवायला कोण बसणार, अम्मा? मी सगळीकडे विचारलं. दोन तासांवर एक कुटुंब होतं, त्यांना सुट्टी मिळाली नाही. मी खाली बसून रडत होतो. इंगानं विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती म्हणाली, आम्ही बसलो तर चालेल का? आदल्या दिवसापासून मांस बंद करतात. दुपारपर्यंत पाण्यावर राहतात. जेवताना बोलायचं नाही, वाखाणायचं नाही, निघताना 'येतो' म्हणायचं नाही, सगळं पाळतात. तिवसाला दारात रांगोळी नसते हेही त्यांना ठाऊक आहे, म्हणून आज बघून इंगा गोंधळली."

"अप्पांच्या जागी गोरा माणूस."

"अप्पांना चाललं असतं."

"अप्पांना काय चाललं असतं ते मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." ती पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडे होते तरी. "मग आज हे सोंग कशाला?"

"इंगा म्हणाली, इतकी वर्षं तुझ्या हातचं जळकं खाल्लं, एकदा तुझ्या आईच्या हातचं जेवायचंय. तेच जेवण. आता तिथी नसताना तिवसाचा स्वयंपाक कर असं तुला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून एकेक काढत गेलो." त्यानं लाडवांच्या डब्याचं झाकण लावलं. "लाडू माझे फुटतात, अम्मा. पाक जमत नाही."

तिला रागावायचं होतं. राग होताही, चांगला शाबूत होता, खोटेपणाचा, पथ्यांचा, न विचारल्याचा. पण त्याच्याखाली गेली काही वर्षं घट्ट वळलेली जी मूठ होती ती सुटली होती आणि तिला एकदम खूप दमल्यासारखं वाटलं. वैद्यनाथन भुकेला नव्हता. जळकं का होईना, फुटके लाडू का होईना, वेळेवर पान मांडलं जात होतं आणि कुणीतरी मांडी मोडेपर्यंत बसून त्याच्या वाटचं जेवत होतं. खरंच का? तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. बेंट वैद्यनाथनच्या फोटोकडे बघत होता, खूप दिवसांच्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा. तिला ते आवडलं नाही, आणि आवडलंही. हे पोरगं या दोघांपुढे रडलं होतं. आपल्यापुढे फोनवर 'नेहमीचंच'.

निघताना ती दोघं काही बोलली नाहीत. इंगानं चपला घातल्या, कठडा धरला. अखिलानंही 'या' म्हटलं नाही, पण जिन्याच्या तोंडाशी जाऊन ती आडवी उभी राहिली.

"हिला विचार, हिचं वय काय."

"अम्मा, असं विचारत नाहीत."

"विचार."

जंबूनं अवघडत विचारलं. इंगा हसली आणि बोटांनी सांगितलं. अखिलापेक्षा चार वर्षांनी लहान. अखिलानं तिला पायापासून वरपर्यंत पाहिलं. दुखरा पाय सोडला तर बाई धडधाकट होती, अजून बरीच वर्षं टिकेल अशी.

"ठीक आहे," अखिला म्हणाली. "मग सांगून ठेव तिला. माझ्या वेळी कारलं करायचं नाही. मला ते कधीच आवडलं नाही."

जंबूनं आईकडे पाहिलं. मग तो इंगाकडे वळला आणि त्या त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. तेच बोलला की दुसरंच काही, हे अखिलाला कळायला मार्ग नव्हता. इंगानं तिचा हात धरला, मान हलवली, आणि मग दोघंही शिकवल्याप्रमाणे मागे न बघता, रांगोळी चुकवून, निघून गेली.